पेपर तुमचा, नाव कुणाचं?

लग्नपत्रिका छापायला टाकायची वेळ आली, की घरोघरी एक छोटं महायुद्ध पेटतं. निमंत्रकांमध्ये मोठ्या काकांचं नाव आधी की आत्याच्या मिस्टरांचं? मामांचं राहिलं तर ते लग्नाला येतील का? चौकातल्या डिजिटल बोर्डाचंही तेच. 'शुभेच्छुक' म्हणून पंचवीस फोटो, वर्गणी दिलेली असते चौघांनी. आणि ज्या पोरानं गाडीवरून गावभर फिरून पत्रिका वाटल्या किंवा रात्री शिडीवर चढून बोर्ड बांधला, त्याचं नाव कुठंच नसतं.

हसू नका. संशोधनाच्या जगातही साधारण असंच चालतं. फरक एवढाच, की तिथल्या नावांवर नोकऱ्या, बढत्या, स्कॉलरशिप आणि पीएच.डी.चे प्रवेश ठरतात. तुम्ही आज बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असाल, एम.ए., एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करत असाल, तर हा विषय लवकरच तुमच्या दारात येणार आहे. सहा महिने लॅबमध्ये थांबून किंवा गावोगाव फिरून तुम्ही माहिती जमवाल. तिचा पेपर होईल. त्यावर तुमचं नाव असेल? असलं तर कितवं? आणि त्या कितव्याला किंमत काय?

पहिलं नाव म्हणजे पहिला नंबर?

दर वेळी नाही. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक या विषयांत साधारणपणे पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं असतं आणि शेवटचं लॅबच्या प्रमुखाचं. म्हणजे इथं शेवटचा नंबर मानाचा! मधल्यांनी किती काम केलं, हे क्रमावरून कळणं अवघड. गणितात आणि अर्थशास्त्रात मात्र बहुतेक वेळा नावं अकारविल्हे, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लागतात. तिथं पाटील, शिंदे, यादव कायम मागेच.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०१६ चं. ११ फेब्रुवारीला गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाली आणि त्याचा पेपर आला. लेखक एक हजाराहून जास्त. त्यात आपल्या पुण्याच्या आयुका संस्थेतले शास्त्रज्ञही होते. या लहरी शोधण्याच्या पद्धतींवर कितीतरी वर्षं काम करणारे संजीव धुरंधर त्यातलेच. पण जगभर त्या पेपरचा उल्लेख होतो 'ॲबट आणि इतर' असा. कारण काय, तर ॲबट हे आडनाव 'ए'वरून सुरू होतं!

त्याआधी २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावरच्या पेपरला तर ५,१५४ लेखक होते. पेपर ३३ पानांचा, त्यातली २४ पानं फक्त लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं. इतकी मोठी यंत्रं एकटादुकटा चालवू शकत नाही, त्यामुळे यात गैर काही नाही. पण मग 'लेखक' या शब्दाचा अर्थ काय उरला?

मोजपट्टीला दिसतं काय?

अर्थ काहीही उरो, मोजणी थांबत नाही. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं एक सोपी मोजपट्टी सुचवली, तिला एच-इंडेक्स म्हणतात. तुमच्या १० पेपरांचा प्रत्येकी किमान १० वेळा दुसऱ्यांनी संदर्भ घेतला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स १०. लक्षात ठेवायला सोपी, गूगल स्कॉलरवर आयती मिळते, म्हणून ती सगळीकडे रुळली. पण तिचा एक डोळा बंद आहे. एकट्यानं लिहिलेला पेपर आणि ५,१५४ जणांतला एक म्हणून नाव लागलेला पेपर, तिच्या लेखी दोन्ही सारखेच.

ही उणीव भरायचे प्रयत्नही झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी काढतात. ती आली, की आपल्या शिवाजी विद्यापीठातल्या संशोधकांच्या बातम्या तुम्ही वाचताच. ही यादी सहा गोष्टी मोजून बनते. त्यातल्या तीन थेट नावाच्या जागेशी जोडलेल्या आहेत : एकट्यानं लिहिलेले पेपर, एकट्यानं किंवा पहिला लेखक म्हणून लिहिलेले, आणि त्यात शेवटचा लेखक म्हणून लिहिलेले मिळवून. चौथ्या गोष्टीत सहलेखकांच्या संख्येनुसार एच-इंडेक्स कमी केला जातो. म्हणजे मोजणाऱ्यांनाही कळलंय, की नुसती नावं मोजून भागत नाही.

आता आपल्याकडचं गणित बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहयोगी प्राध्यापक व्हायला किमान ७५ आणि प्राध्यापक व्हायला १२० संशोधन गुण लागतात. मान्य जर्नलमधल्या एका पेपरला भाषा, सामाजिक शास्त्रं अशा विषयांत १० गुण. एकट्यानं लिहिला तर दहाच्या दहा. दोघांनी लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ७ आणि ७. बेरीज १४! दोघांपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. पाच जणांचा पेपर असेल तर ७ अधिक ३ गुणिले ४, म्हणजे १९. पेपर तोच, काम तेवढंच, नावं वाढली तसे वाटायचे गुण वाढले. आणखी गंमत म्हणजे तिसऱ्याच्या पुढं कितीही नावं घातली, तरी आधीच्यांचं काहीच कमी होत नाही. मग 'सर, माझंही नाव टाका की' याला नाही कोण म्हणेल? नियम करणाऱ्यांचा हेतू एकत्र कामाला प्रोत्साहन देण्याचा असेलही. पण फुकटच्या शुभेच्छुकांनाही त्यातून वाट मिळते.

शंभर वर्षांपूर्वीचं भांडण

हे सगळं हल्लीचं आहे, असं वाटत असेल तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या एका माणसाची गोष्ट ऐका. धर्मानंद कोसंबी. पाली भाषा आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. १९१० मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ संपादित करायचं काम हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकी अभ्यासकानं सुरू केलं होतं, पण ते पूर्ण होण्याआधीच १८९९ मध्ये त्याचं निधन झालं होतं. ते पुरं करायला धर्मानंदांना बोलावलं गेलं. पुढं श्रेय कुणाला किती, यावरून तिथले प्राध्यापक चार्ल्स लॅनमन आणि धर्मानंद यांचं बिनसलं. १९१२ मध्ये धर्मानंद भारतात परतले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले.

तो ग्रंथ हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेत छापून आला १९५० मध्ये. संपादक वॉरन, सुधारणा धर्मानंद कोसंबींची, असा. तोवर वॉरनना जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली होती आणि धर्मानंदही १९४७ मध्येच गेले होते. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर ज्यांची नावं आहेत, त्या दोघांपैकी एकानंही ते छापलेलं पान पाहिलं नाही.

त्यांचा मुलगा म्हणजे गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांनी १९३१ मध्ये एका पेपरात 'बूर्बाकी' नावाच्या, जगात नसलेल्या गणितज्ञाचा हवाला बेधडक देऊन गंमत केली होती. १९६० च्या दशकात त्यांनी स्वतःचेच काही गणिती पेपर 'एस. डुक्रे' या टोपणनावानं छापले. आणि १९४३ मध्ये त्यांनी मांडलेलं एक महत्त्वाचं सूत्र मात्र पुढं दुसऱ्यांच्याच नावानं प्रसिद्ध झालं. कारहुनेन आणि लोएव्ह यांनी ते नंतर स्वतंत्रपणे मांडलं आणि पुस्तकांत त्यांचीच नावं बसली. आता कुठं काही जण त्याआधी कोसंबींचं नाव जोडू लागलेत. एकाच माणसाच्या बाबतीत बघा : खोटं नाव छापलं जातं, खरं नाव सुटतं, आणि मोजपट्टीला यातलं काहीच कळत नाही.

'एस. पाटील' नक्की कोण?

आणखी एक गंमत. वडील धर्मानंद दामोदर, मुलगा दामोदर धर्मानंद. इंग्रजी आद्याक्षरं लिहिली तर दोघंही 'डी. डी. कोसंबी'! हार्वर्डच्या त्याच मालेत ४१ वा ग्रंथ वडिलांच्या हातचा आणि ४२ वा, १९५७ चा, मुलाच्या. तोही व्ही. व्ही. गोखले यांच्यासोबत संपादित केलेला. कॉम्प्युटरला हे दोघं वेगळे आहेत हे सांगणार कोण?

कोल्हापुरात तर हा प्रश्न गल्लीगल्लीत आहे. कुठल्याही वर्गात 'पाटील' अशी हाक मारा, चार माना वळतील. संदीप, सुजाता, स्वप्नील, सायली, सगळे 'एस. पाटील'. एकाचे पेपर दुसऱ्याच्या खात्यावर जमा व्हायला कितीसा वेळ लागतो? त्यात स्पेलिंगची तऱ्हा. चव्हाण कुणी 'व्ही'नं लिहितं, कुणी 'डब्ल्यू'नं.

मुलींसाठी हे आणखी गंभीर आहे. आपल्याकडं लग्नानंतर नुसतं आडनाव नाही, मधलं नावही बदलायची पद्धत. समजा, सायली विजय पाटीलची सायली अमित देसाई झाली. मोजणाऱ्या यंत्रासाठी 'एस. व्ही. पाटील' नावाची संशोधक एक दिवस गायब झाली आणि 'एस. ए. देसाई' नावाची नवशिकी उगवली. पाच वर्षांची मेहनत दोन खात्यांत वाटली गेली. यावर एक सोपा, फुकट उपाय आहे. २०१२ पासून 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी नंबर मिळतो. ऑनलाइन काही मिनिटांत काढता येतो. नाव बदललं, कॉलेज बदललं, देश बदलला तरी नंबर तोच राहतो. पहिला पेपर पाठवायच्या आधीच काढून ठेवा.

मग लेखक म्हणायचं कुणाला?

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं चार अटी घातल्यात. एक, संशोधनाची कल्पना, आखणी, माहिती जमवणं किंवा तिचं विश्लेषण यात भरीव वाटा. दोन, लिखाणात किंवा त्याच्या गंभीर दुरुस्तीत सहभाग. तीन, छापायला देण्याआधी अंतिम मसुद्याला मान्यता. चार, उद्या कुणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची तयारी. चारही हव्यात. नुसता निधी आणला, नुसती देखरेख केली, नुसती लॅब वापरायला दिली, तर जागा आभारात. म्हणजे खुर्ची मोठी म्हणून नाव, हे बसत नाही. उलट बाजूही आहे. ज्यानं पहिली अट पूर्ण केली, त्याला लिखाणात आणि मान्यतेत भाग घ्यायची संधी द्यायलाच हवी, असंही हीच समिती म्हणते. म्हणजे पोराला मसुदाच दाखवायचा नाही आणि मग 'तू लिहिलं कुठं?' म्हणायचं, हेही चालणार नाही.

चौथ्या अटीमुळेच एआयचाही निकाल लागला. २०२३ च्या सुरुवातीला काही पेपरांवर चॅटजीपीटीचं नाव लेखक म्हणून झळकलं, तेव्हा 'नेचर' आणि 'सायन्स'सारख्या जर्नलांनी स्पष्ट नकार दिला. चूक निघाली तर चॅटजीपीटीला जबाब थोडाच विचारता येतो?

आता बरीच जर्नलं एक पाऊल पुढं गेलीत. नावांबरोबर ती कुणी काय केलं तेही छापतात. त्यासाठी १४ भूमिकांची एक ठरलेली यादी आहे : कल्पना कुणाची, प्रयोग कुणी केले, सॉफ्टवेअर कुणी लिहिलं, पहिला मसुदा कुणाचा, देखरेख कुणाची, निधी कुणी आणला वगैरे. सिनेमाच्या श्रेयनामावलीसारखं. कॅमेरामन आणि निर्माता दोघांचंही नाव येतं, पण कुणी कॅमेरामनला निर्माता समजत नाही.

तुम्ही काय करू शकता?

गाईडशी भांडा, असं सांगायला हा लेख नाही. चांगले गाईड स्वतःहून विद्यार्थ्याचं नाव पहिलं लावतात. पण सगळे प्रश्न चांगुलपणावर सोडून चालत नाहीत. म्हणून विचारायचं ते काम सुरू व्हायच्या आधी. नंतर विचारलं की तक्रार वाटते, आधी विचारलं की नियोजन वाटतं. 'सर, यातून पेपर झाला तर लेखक कोण कोण आणि क्रम कसा ठरवायचा?' 'मॅडम, मी कुठला भाग केला तर माझं नाव येईल?' एवढं विनयानं विचारा. जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलवर लिहून पाठवा. लॅबच्या वहीत तारखा टाका. मसुद्याच्या प्रत्येक प्रतीवर कुणी काय बदललं ते ठेवा.

आणि दुसरी बाजू पण पाळा. रूममेट म्हणून, मित्र म्हणून, 'पुढच्या वेळी तू माझं टाक' म्हणून कुणाचं नाव घालू नका. पैसे घेऊन पेपरवर नाव विकणारी दुकानं आहेत, त्यांच्या वाटेला तर जाऊच नका. तसंही नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनंतर पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी पेपर छापून येणं यूजीसीनं सक्तीचं ठेवलेलं नाही, त्यामुळे निदान त्या घाईचं कारण गेलं. न केलेल्या कामावर नाव लावलंत, तर त्यातल्या चुकाही तुमच्याच नावावर लागतात.

पुढच्या वेळी एखादा पेपर हातात आला, की नावं किती आहेत हे मोजू नका. शेवटच्या पानावर जा आणि कुणी काय केलं, ते वाचा. आभारही वाचा. पत्रिका वाटणारा पोरगा बहुतेक तिथंच सापडतो.