गिटार आणि मिक्सरमधली डबी

नाशिकला सुला विनयार्ड्‌समध्ये २००८ साली सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव सुरू झाला. अशा मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमात गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरपासून मिक्सरपर्यंत लांबलचक केबल जाते, आणि मध्ये बसते डीआय बॉक्स ही छोटी डबी. तिच्यातला ट्रान्सफॉर्मर एकच सिग्नल दोन तारांतून उलटसुलट पाठवतो. मिक्सर दोहोंतला फरक घेतो. वाटेत शिरलेली खरखर दोन्हींत सारखीच, म्हणून वजा होते. अर्थिंगच्या दुहेरी वाटेमुळे येणारी ५० हर्ट्‌झची घुंघुं ‘ग्राउंड लिफ्ट’च्या खटक्याने थांबते. (त्यासाठी प्लगची अर्थ पिनच काढणारे महाभाग असतात; तो जिवाशी खेळ.)

स्पीकरच्या आउटपुटवरून सिग्नल घ्यायचा तर त्यासाठीच बनवलेला डीआय हवा. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला स्पीकरही जोडलेला राहू द्या, नाहीतर अ‍ॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. एवढे करूनही आवाज कर्कश वाटेल, कारण गिटारचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्‌झच्या वरचे बरेच काही गाळतो; साधा डीआय गाळत नाही.