गेम खेळणारं मूल एकलकोंडंच होतं का?

‘व्हिडिओ गेममुळे मुलं एकलकोंडी होतात.’ पालकसभा असो, लग्नघर असो की वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक, विषय निघाला की हे वाक्य येतंच. सगळे माना डोलावतात. पुरावा मात्र कुणी मागत नाही, आणि याचीच चीड येते.

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २००८ साली १२ ते १७ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. गेम खेळणाऱ्यांपैकी कायम एकटीच खेळणारी मुलं २४ टक्के निघाली. ६५ टक्के मुलं त्याच खोलीत बसलेल्या कुणाबरोबर तरी खेळत होती. आणि पालक? मुलांबरोबर अधूनमधून तरी खेळणारे पालक होते ३१ टक्के. मुलाला एकलकोंडं ठरवण्याआधी आपण त्याच्या शेजारी कधी बसलो होतो का, हे आठवून पाहा.

शेजारी बसल्याने काय होतं, यावर ब्रिगम यंग विद्यापीठातल्या साराह कॉइन आणि सहकाऱ्यांनी २८७ कुटुंबांचा अभ्यास केला. तो २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ ॲडोलेसंट हेल्थ’मध्ये आला. आईवडिलांबरोबर वयाला साजेसे गेम खेळणाऱ्या मुलींना घरच्यांशी अधिक जवळीक वाटत होती, त्यांचं वागणंही चांगलं होतं. मुलग्यांमध्ये असा फरक दिसला नाही. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असं ठरत नाही. तेव्हा गेम हे कुटुंब जोडण्याचं औषध म्हणून कुणी विकू नये. पण गेममुळे घरातला संवाद तुटतोच, हा निकालही यातून निघत नाही.

काही गेम तर बोलल्याशिवाय पुढेच सरकत नाहीत. ‘ओव्हरकुक्ड’मध्ये चौघांचं एकच स्वयंपाकघर असतं. एकाने कांदा चिरायचा, दुसऱ्याने सूप शिजवायचं, तिसऱ्याने ताटल्या धुवायच्या. एकमेकांना हाका मारल्या नाहीत, तर ऑर्डर वेळेत जात नाही.

‘वाचनालयात गेम आले की पुस्तकं गेली,’ हेही ऐकू येतं. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या ग्रंथालयाने २००४ पासून ‘मारिओ कार्ट’सारख्या गेमच्या स्पर्धा भरवल्या. तिथल्या एली नायबर्गर यांनी अशा स्पर्धांवर लिहिलेलं पुस्तक अमेरिकन लायब्ररी असोसिएशननेच २००७ मध्ये छापलं. पुढच्याच वर्षी या संघटनेने ग्रंथालयांसाठी गेमचा खास दिवस सुरू केला. हेलसिंकीचं ऊडी ग्रंथालय २०१८ मध्ये उघडलं. तिथे गेम खेळायच्या खोल्या आहेत आणि त्यांच्या वरच्याच मजल्यावर सुमारे एक लाख पुस्तकं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हिंसक गेम खेळून मुलं हिंसक होतात? अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि नेटा वाइनस्टाइन यांनी २०१९ मध्ये सुमारे एक हजार ब्रिटिश किशोरांची आणि त्यांच्या पालकांची माहिती तपासली. असा संबंध आढळला नाही. रोज खेळणं म्हणजे व्यसन? जागतिक आरोग्य संघटना तास मोजत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, इतर सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसूनही न थांबणं, तेही साधारणपणे १२ महिने, हे तिचे निकष आहेत. आणि पैसे लावायची रमीची ॲप या चर्चेत कृपया आणू नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, पण ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे गेम त्यातून वेगळे ठेवले आहेत.