व्यसनमुक्तीचे कथन आणि संख्याशास्त्राचा छेद

चेन्नईतील टी. नगरच्या दक्षिणेस, अडयार नदीपलीकडे इंदिरानगरात टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशनचे रुग्णालय आहे. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या शांती रंगनाथन यांनी मद्यासक्तीमुळे पती गमावल्यानंतर १९८० मध्ये ही संस्था स्थापन केली. पुण्यात १९८६ साली अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले. ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकामुळे तो अनुभव मराठी साहित्यातही आला.

व्यसनमुक्तीच्या आत्मकथनाचा निवेदक बहुधा तरून गेलेला असतो. उपचार अर्धवट सोडणाऱ्याचे निवेदन सहसा लिहिले जात नाही. समाजकार्याच्या संशोधकाला मात्र दोघांचीही नोंद ठेवावी लागते. किती जण सुधारले हा अपूर्णांकाचा अंश. कितींपैकी, हा त्याचा छेद.

या दृष्टीने गोव्यातील एक अभ्यास बोलका आहे. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल प्रभृतींनी तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील, अपायकारक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी करण्यात आली. एका गटाला नेहमीच्या, किंचित सुधारित सेवेसोबत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांच्या जास्तीत जास्त चार बैठका मिळाल्या. दुसऱ्याला केवळ ती सेवा. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ३६ टक्के, तर दुसऱ्यातील २६ टक्के पुरुष अपायकारक मद्यपानाच्या मर्यादेबाहेर आले होते. दुसरा गट नसता तर ३६ टक्क्यांचे सारे श्रेय समुपदेशनाला गेले असते. १८८ पैकी १६४ आणि १८९ पैकी १७२ जणांचीच तपासणी होऊ शकली, हेही अहवालात नमूद आहे. जे पीतच राहिले त्यांच्या मद्याचे सरासरी प्रमाण मात्र घटले नाही. उपचारात पुढे काय सुधारावे, हे या प्रतिकूल निष्कर्षावरूनच कळते.

छेद रुग्णालयाबाहेरही विस्तारतो. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावलंबी ३८ व्यक्तींपैकी एकीलाच काही उपचार मिळाले होते. चेन्नईच्या संस्थेने मंजक्कुडी या खेड्यात उपचार-शिबिरे घेतली, त्यांचे महत्त्व येथे ध्यानात येते: रुग्ण येण्याची वाट न पाहता उपचारच त्याच्या गावी गेला.

साहित्याच्या तुलनात्मक अभ्यासकानेही व्यसनमुक्तीचे कथन वाचताना हा छेद विचारात घ्यावा. त्यामुळे निवेदकाचे सत्य उणावत नाही. त्याच्यासोबत दाखल झालेल्या, परंतु संहितेत नसलेल्या माणसांचे भान तेवढे राहते.