शिकारीला हंगाम नाही, राखण मात्र बारमाही

धारगळसारख्या शेतीप्रधान गावात ‘शिकारीचा हंगाम’ हा शब्दप्रयोग जुन्या माणसांच्या तोंडी येतो. कायद्यात मात्र असा हंगाम आता अस्तित्वात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती आणि बंदीचा काळही ठरविता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती परवाना पद्धतच संपुष्टात आणली. तेव्हापासून शिकाऱ्याचा बंद हंगाम बाराही महिने चालू आहे.

पेडणे तालुक्यात अभयारण्य नाही, म्हणून येथे हा कायदा सैल आहे असा एक गोड गैरसमज आढळतो. बंदी प्राण्याला आहे, जागेला नव्हे. पहिल्या पावसात शेतमळ्यांत विजेरी घेऊन बेडूक पकडणाऱ्यांनाही ती लागू होते. पीकरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. उभ्या पिकाला धोका ठरलेल्या प्राण्याबाबत कलम ११ खाली वेगळा लेखी आदेश लागतो.

मग रानाची नस ओळखणाऱ्या माणसाने करायचे काय? त्याची खरी गरज राखणीला आहे. रानडुकराची नजर अधू असते, घ्राणेंद्रिय तीक्ष्ण. त्यामुळे बुजगावण्याला ते फारसे भीत नाही. भाताच्या लोंबीत दूध भरू लागले की कळप रात्री उतरतो आणि खातो त्याहून अधिक तुडवतो. कळप कोणत्या वाटेने येतो, माती कोठे उकरली आहे, खुरांचा ठसा ताजा की कालचा, हे ज्याला वाचता येते तोच कुंपण नेमके कोठे हवे ते सांगू शकतो. माळ्यावरची जाग, डबे वाजविणे आणि कुत्री यांचा उपयोग आहेच. पण एकट्याने रात्री जागून चार दिवसांत माणूस थकतो. शेजाऱ्यांनी पाळ्या लावल्या तरच ते निभते.

सौर कुंपण हा त्यातल्या त्यात बरा उपाय. त्यातील विजेचा झटका क्षणिक असतो. प्राणी बिचकतो, मरत नाही. घरातील वीज थेट तारेत सोडणे हा मात्र गुन्हा आहे आणि त्यात गुरे व माणसेही दगावतात. तारेच्या फाशाचेही तेच. लावला डुकरासाठी, अडकतो बिबट्या.

सौर कुंपणाचे एक पथ्य बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ओले गवत तारेला टेकले की वीज जमिनीत उतरते आणि झटका नाहीसा होतो. म्हणून पावसाळाभर तारेखालचे गवत कापत राहावे लागते, आणि भात पोटरीला येण्यापूर्वी एकदा सगळी फेरी पायी पाहून घ्यावी लागते.