पानावरची बिनकामाची लेबले

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत नवख्या टेंपोवाल्याला नुसता 'प्लॉट नंबर 15' असा पत्ता दिला, तर तो हमखास भटकणार. तिथे जे ब्लॉक आहे, एस ब्लॉक आहे, टी ब्लॉक आहे. त्यामुळे आकड्याआधी ब्लॉकचे अक्षर सांगावेच लागते. पण एकदा टेंपो जे ब्लॉकमध्ये शिरला, की चहावालाही 'पंधराला जायचंय ना? सरळ जा' एवढेच सांगतो. अक्षर गळून पडते, आणि कोणाचे काही अडत नाही.

संगणकाच्या जगात याच युक्तीला 'नेमस्पेस' म्हणतात. आपण तिला नावांचे आवार म्हणू.

हिची गरज का पडली? फेब्रुवारी 1998 मध्ये एक्सएमएल ही माहिती लिहिण्याची पद्धत प्रमाण म्हणून जाहीर झाली. तिच्यात माहितीच्या प्रत्येक तुकड्याला आपण ठरवू ते नाव देता येते. आता आयटीआयमधला एखादा मुलगा चाकणच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला आहे असे समजा. संस्थेच्या नोंदीत 'तास' म्हणजे वर्गातली तासिका, तर कंपनीच्या नोंदीत 'तास' म्हणजे कामाचे साठ मिनिटांचे तास. दोन्ही नोंदी एका कागदावर आल्या की संगणकाचा गोंधळ उडतो. म्हणून जानेवारी 1999 मध्ये नेमस्पेसचे नियम आले. 'संस्था:तास' आणि 'कंपनी:तास' असा उपसरग लावायचा आणि तो उपसर्ग म्हणजे नेमके कोणते आवार, हे कागदाच्या वरच्या भागात एकदा जाहीर करायचे. ही जाहीर करणारी ओळ 'एक्सएमएलएनएस' या अक्षरांनी सुरू होते. जिथे उपसर्ग नाही तिथे कोणते आवार धरायचे, हेही तशाच ओळीने सांगता येते. चहावाल्याचा 'पंधरा' तो हाच.

आवाराचे पूर्ण नाव बहुधा वेबसाइटच्या पत्त्यासारखे दिसते. पत्त्याला मालक असतो, त्यामुळे दोघांनी एकच नाव घेण्याची भीती नाही, एवढाच त्यामागचा हेतू. तिथे जाऊन काही आणायचे नसते. पण हे सगळ्यांनाच उमगले होते असे नाही. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने 2008 साली तक्रार केली होती, की कागदात लिहिलेल्या अशा ओळखीच्या पत्त्यांवरून आणि व्याकरणाच्या फायलींसाठी जगभरच्या प्रोग्रॅमकडून दिवसाला 13 कोटींपर्यंत मागण्या येत आहेत. वर्षानुवर्षे न बदललेल्या फायली पुन्हा पुन्हा मागायच्या, याला काय म्हणावे!

आता मूळ विषयाकडे येऊ. आजची बरीच वेबपाने हाताने लिहिलेली नसतात. एक साचा असतो आणि 'फ्रेमवर्क' नावाची यंत्रणा त्यात माहिती भरून पान बाहेर काढते. 'इथे विद्यार्थ्याचे नाव भर', 'ही ओळ प्रत्येकासाठी पुन्हा लिही' अशा साच्यातल्या सूचना यंत्रणेच्या स्वतःच्या आवारातल्या असतात. कारखान्यात सुटा भाग एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना त्याच्यासोबत जॉब कार्ड फिरते, तशा. माल गिऱ्हाइकाकडे निघाला की ते कार्ड काढून घेतात. वेबपानाच्या बाबतीत मात्र सूचना निघून जातात आणि 'आमचे आवार अमुक' ही घोषणा तेवढी पानाला चिकटून राहते, असे पुष्कळदा घडते.

याने बिघडते काय? खरे सांगायचे तर एका ओळीने फारसे नाही. एचटीएमएल म्हणून आलेल्या पानातल्या या घोषणांकडे ब्राउझर दुर्लक्षच करतो. पण 45 अक्षरांची घोषणा यादीच्या प्रत्येक ओळीला चिकटली आणि यादी 500 जणांची असली, तर 22,500 अक्षरे फुकट गेली. दाबून पाठवल्यावर हा भार बराच उतरतो हे खरे. आम्हाला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. पान तपासणारा प्रोग्रॅम अशा प्रत्येक ओळीला चूक ठरवतो, आणि त्या गर्दीत खरी चूक नजरेतून निसटते.

काही यंत्रणा ही साफसफाई आपण होऊनच करतात. थाइमलीफ स्वतःची घोषणा बाहेरच्या पानात जाऊ देत नाही. विकेटमध्ये स्वतःच्या खुणा काढून टाकण्याची सोय आहे. एक्सएसएलटी या रूपांतराच्या भाषेत कोणते उपसर्ग वगळायचे ते सांगता येते. त्यातला एखादा उपसर्ग पानातल्या नावांना खरोखर लागलेला असेल, तर त्याची घोषणा राहू दिली जाते.

मग सरळ 'शोधा आणि पुसा' का करू नये? कारण सुट्या भागावर हीट नंबरही ठोकलेला असतो, आणि तो जॉब कार्डासारखा फेकायचा नसतो. एखादा उपसर्ग नावांना कुठेच लागलेला दिसत नाही, पण प्रकार = 'कंपनी:शिकाऊ' अशा किमतीच्या आत दडून बसलेला असतो. सफाईच्या प्रोग्रॅमला तो दिसत नाही. घोषणा उडाली की वाचणाऱ्या प्रोग्रॅमला 'कंपनी' म्हणजे कोण हेच कळत नाही. ई-पब पुस्तकांतली पाने एक्सएमएलच्या कडक नियमांनी वाचली जातात, तिथेही मूळ घोषणा हवीच.

हे वर्गात करून पाहता येईल. नोटपॅडमध्ये एसव्हीजी पद्धतीने एक वर्तुळ काढा आणि ती फाईल ब्राउझरमध्ये उघडा. वर्तुळ दिसेल. आता एक्सएमएलएनएसची ओळ पुसून पुन्हा उघडा. वर्तुळ नाहीसे होऊन नुसता मजकूर समोर येईल. मग तोच घोषणा नसलेला मजकूर एचटीएमएलच्या फाईलमध्ये चिकटवा. वर्तुळ परत दिसेल, कारण एचटीएमएल वाचताना ब्राउझर एसव्हीजीचे आवार स्वतःच ओळखतो. आता मुलांना विचारा: ही ओळ बिनकामाची आहे की नाही?