टोकन हाती, पण नंबर कधी?

बँकांत संगणक येण्यापूर्वी पैसे काढावयास गेलेल्या खातेदाराच्या हाती पितळेचे एक टोकन दिले जाई. त्या टोकनाला स्वतःची अशी किंमत नव्हती. ते बाजारात चालत नसे. रोखपालाने नंबर पुकारून पैसे मोजून दिले, म्हणजे त्याचे काम संपे. टोकन म्हणजे देणे नव्हे, देण्याचे आश्वासन. समाजातील अल्पसंख्याकांना नावापुरती एखादी जागा देऊन उदारमतवादाचे समाधान मिळविण्याच्या प्रथेला पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञांनी हाच शब्द लावला, तो अगदीच अनाठायी नव्हे.

या प्रथेची परीक्षा घ्यावयाची, तर विज्ञानकथेवरील दूरचित्रवाणी मालिकांइतके योग्य क्षेत्र दुसरे सापडणार नाही. कौटुंबिक मालिकेच्या लेखकाला 'आमच्या भोवती जे आहे तेच आम्ही दाखवतो' अशी सबब सांगता येते. तीनशे वर्षांनंतरच्या अंतराळयानाचे चित्र रंगविणाऱ्याला ती सोय नाही. त्या यानावर कोण असावे आणि कोण नसावे, हे सर्वस्वी त्याच्याच इच्छेवर अवलंबून असते. ज्यांना त्याने वगळले, त्यांना उद्याच्या जगात स्थान नाही असे तो न बोलता सांगत असतो.

या संदर्भात 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेचा इतिहास पाहण्याजोगा आहे. १९६६ साली सुरू झालेल्या आणि ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही दिसलेल्या या मालिकेत निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला यानावरील अधिकाऱ्याची भूमिका होती. वाट्याला येणारे संवाद तुटपुंजे, म्हणून पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडावयास निघाल्या होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटीत आग्रह केला म्हणून आपण थांबलो, असे त्या पुढे अनेकदा सांगत. १९९२ साली अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन यांनी या भूमिकेपासून आपल्याला प्रेरणा मिळाल्याचे सांगितले आहे. तेव्हा टोकनाला काहीच मोल नसते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उपाशी माणसाला घासाचेही मोल असते.

पण याच मालिकेने समलिंगी माणसांना दिलेले टोकन किती काळ वटले नाही, तेही पाहिले पाहिजे. समलिंगी व्यक्तींनाही यानावर जागा असावी, हे मालिकेचे जनक जीन रॉडेनबेरी यांनी १९८६ साली चाहत्यांच्या एका मेळाव्यात मान्य केले. पुढच्याच वर्षी डेव्हिड जेरॉल्ड या लेखकाने दोन पुरुषांचे जोडपे असलेली एक संहिता लिहून दिली. तिचे चित्रीकरण कधीच झाले नाही. १९९१ साली रॉडेनबेरी यांनी पुन्हा आश्वासन दिले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १९९२ साली एका भागात हा विषय आला, तो परग्रहावरील लिंगभेदरहित समाजाच्या रूपकातून, आणि ते मध्यवर्ती पात्रही एका अभिनेत्रीनेच वठविले. समलिंगी माणसाची कैफियत मांडली गेली खरी, परंतु समलिंगी माणूस मात्र गैरहजर. या परिवारातील मालिकेत नियमित पात्रांमध्ये उघडपणे समलिंगी असे जोडपे दिसावयास २०१७ साल उजाडले. म्हणजे नंबर पुकारला जाण्यास तीस वर्षे लागली. त्यातही त्या जोडप्यापैकी एकाला काही भागांतच मारण्यात आले. पुढच्या वर्षी त्याला परत आणावे लागले, ही गोष्ट वेगळी.

निर्माते असे का वागतात? त्याचे उत्तर त्यांच्या मनाच्या कोतेपणात शोधण्यापेक्षा त्यांच्या हिशेबाच्या वहीत शोधणे अधिक फलदायी ठरेल. प्रत्येक मालिका आणि चित्रपट एकाच वेळी अनेक बाजारांत विकला जातो. एका बाजारात उदारमतवादी गिऱ्हाईक असते, दुसऱ्यात कडक सेन्सॉर. दोघांनाही राखावयाचे, तर समलिंगी पात्र असे हवे की जे दाखविताही यावे आणि कापताही यावे. २०१९ च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात दोन स्त्रियांचे क्षणभराचे चुंबन होते. सिंगापूरमध्ये ते कापण्यात आले आणि कथेत तसूभरही फरक पडला नाही. फरक पडू नये, अशाच बेताने ते घातलेले होते. अर्थशास्त्राच्या भाषेत, ज्या वस्तूचा उत्पादनखर्च जवळजवळ शून्य आणि जाहिरातमूल्य मात्र भरपूर, तिचा पुरवठा वाढणारच.

यावरून एक साधी कसोटी निघते. पात्र काढून टाकले तर कथा कोसळते काय? 'ग्लाड' या अमेरिकी संस्थेने २०१३ साली चित्रपटांसाठी जे निकष जाहीर केले, त्यांतही याच प्रश्नाला महत्त्वाचे स्थान आहे. पात्र सज्जन असावे, सुखी असावे अशी अट त्यात नाही. त्याच्यावाचून कथेचे अडले पाहिजे, एवढेच.

ही कसोटी मराठी वाचकाने एका विशेष मालिकेला लावून पाहावी. २०१५ साली आलेल्या 'सेन्स८' या मालिकेत जगाच्या निरनिराळ्या शहरांतील आठ माणसे मनाने एकमेकांशी जोडली जातात. त्यांतील एक मुंबईची असून तिचे नाव कला दांडेकर आहे. ती रसायनशास्त्र शिकलेली आहे, औषध कंपनीत नोकरी करते, तिची गणपतीवर श्रद्धा आहे आणि तिचे लग्न ठरलेले आहे. दुसरी सॅन फ्रान्सिस्कोची नोमी: जन्माने पुरुष ठरविली गेलेली, स्त्री म्हणून जगणारी आणि एका स्त्रीवर प्रेम करणारी. मालिकेच्या तिघा निर्मात्यांपैकी दोघी वाचोव्स्की भगिनी स्वतः पारलिंगी आहेत आणि नोमीची भूमिका करणारी अभिनेत्रीही पारलिंगी आहे.

दोन्ही पात्रे शेजारी ठेवली की अंतर लगेच जाणवते. नोमीची आई तिला अजूनही जुन्या, मुलाच्या नावानेच हाक मारते. त्या एका हाकेत एका घराचा सारा इतिहास साठलेला आहे. हे तपशील अनुभवाच्या गाठोड्यातून आलेले आहेत. कलाच्या वाट्याला मात्र देऊळ, लग्न आणि नाचगाणे, म्हणजे परदेशी प्रेक्षकाला भारत म्हणून आधीपासून जे ठाऊक असते, तेच फार येते. तिघेही निर्माते अमेरिकी. मुंबईचे चित्रीकरण मुंबईत झाले, पण मुंबई त्यांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. दांडेकर आडनावाची मुलगी जगभरच्या पडद्यावर पाहून मराठी प्रेक्षकाला आधी हर्ष होतो आणि मग काहीतरी निसटल्याची रुखरुख लागते. टोकन हाती घेऊन बसलेल्या माणसाची स्थिती नेमकी कशी असते, हे या रुखरुखीवरून ताडता येईल. बायकी चालीबोलीच्या पुरुषाला हशापुरता रंगमंचावर आणून विंगेत घालविणारी आपली करमणूक पाहताना समलिंगी मराठी तरुणाला हेच, आणि याहून तीव्रतेने, वाटत आले असेल.

रोझाबेथ मॉस कँटर या विदुषीने १९७७ साली एका मोठ्या कंपनीतील स्त्रियांचा अभ्यास करून असे दाखविले, की एखाद्या गटाचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आत असले की त्यातील प्रत्येक व्यक्ती व्यक्ती न राहता सबंध गटाचा नमुना ठरते. तिच्यावर सर्वांचे डोळे असतात, तिची चूक गटाच्या नावावर मांडली जाते. एकुलत्या एका समलिंगी पात्राचेही असेच होते. ते मेले तर सारे मेले, ते दुष्ट निघाले तर सारे दुष्ट. उपाय दोनच: संख्या वाढविणे आणि लिहिणाऱ्यांच्या टेबलाभोवती त्या गटाला बसविणे. दुसऱ्या उपायावाचून पहिल्याने फक्त टोकनांची संख्या वाढेल.

ही वाट मराठीला अपरिचित नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली ठाण्याच्या गडकरी रंगायतनात रंगमंचावर आले. स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, ही त्या नाटकाची नायिका. रोहिणी हट्टंगडी यांनी ती साकारली. तिचा शेवट आत्मनाशात होतो, हे आज खटकेल. पण मित्राला काढले तर नाटकच उरत नाही. सचिन कुंडलकर यांच्या २००६ च्या 'कोबाल्ट ब्लू' या कादंबरीचेही तसेच. भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात, आणि भावाचे प्रेम हे कथेचे निम्मे अंग आहे. विज्ञानकथा मराठीत छापील पानावर बहरली, जयंत नारळीकरांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. पडद्यावर मात्र ती क्वचितच आली. ती येईल तेव्हा तिच्या यानावर कोण असेल, हे ठरविण्यास अजून वेळ आहे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास मात्र त्याच न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. कायद्याची ही अर्धी वाट चालून झाली असली, तरी मोहन्यातून आंबिवली स्थानक गाठून कल्याणच्या महाविद्यालयात येणाऱ्या एखाद्या मुलाला घरी काय सांगावे हा प्रश्न तसाच आहे. लोकलमध्ये मोबाइलवर तो जी भविष्यकथा पाहतो, तीत आपल्यासारखा कोणी म्हातारपणापर्यंत जगतो, काम करतो, भांडतो, घर करतो, असे त्याला दिसले तर त्याच्या हिशेबात उद्याचा दिवस धरला जातो. क्षणभर दिसून कापला जाणारा माणूस त्याला तेवढा आधार देऊ शकत नाही. शिक्षक, पालक आणि वर्गमित्र यांनी तो बोलू लागेल तेव्हा ऐकून घेण्याची तयारी ठेवली, तर पडद्यावरच्या निर्मात्यांची वाट पाहण्याचे त्याला फारसे कारण उरणार नाही.