मातीचा हिशेब, पाण्याचा वाटा

पाणलोटाच्या कामाला सुरुवात होते दिल्लीत आणि पहिली कुदळ पडते डोंगराच्या माथ्यावर. मधली वाट लांबची आहे. केंद्राच्या ग्रामीण विकास मंत्रालयात भूमी संसाधन विभाग म्हणून एक विभाग आहे. पडीक जमिनींसाठी 1992 साली तो निघाला, 1999 मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. दुष्काळप्रवण भाग, वाळवंट आणि पडीक जमीन यांच्या वेगवेगळ्या योजना एकत्र करून 2009-10 पासून एकात्मिक पाणलोट व्यवस्थापन कार्यक्रम आला आणि पुढे 2015 साली तो प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत सामावला गेला. महाराष्ट्रात हे काम पुण्याची वसुंधरा यंत्रणा बघते. तिच्याखाली जिल्ह्याचा कक्ष, मग प्रकल्प राबवणारी यंत्रणा आणि सगळ्यात शेवटी गावची पाणलोट समिती. योजनांची नावं कितीही बदलली तरी गावात एवढंच म्हणतात, की पाणलोटवाले आलेत.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेतल्या एका गावात मी शिवारफेरीला गेलो होतो. कृषी सहायक, समितीचे चार-पाच जण आणि मागे पोरंटोरं. सहायकाच्या हातात दोन नकाशे. एक तलाठ्याकडचा गावनकाशा, गट नंबरांचा. दुसरा उपग्रहावरून काढलेला, पाण्याच्या वाटांचा. दोन्ही एकमेकांवर धरले की अडचण कळते. गावाची शीव माणसांनी आखलेली, पाणलोटाची डोंगरानं. या माथ्यावर पडलेलं निम्मं पाणी शेजारच्या गावाच्या नाल्याला जातं. म्हणून मंत्रालयानं गावाला एकक न मानता पाणलोटाला मानलं: साधारण पाचशे हेक्टरांचा एक सूक्ष्म पाणलोट, आणि असे काही मिळून एक प्रकल्प. हिशेब शास्त्राला धरून आहे. पण ठराव करायचा तो ग्रामसभेनं, आणि ग्रामसभा असते गावाची.

काम ‘माथा ते पायथा’ या क्रमानं करायचं असतं. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग ओघळीत अनघड दगडांचे बांध, वहितीच्या रानात कंपार्टमेंट बंडिंग, आणि सगळ्यात शेवटी नाल्यात माती किंवा सिमेंटचा बंधारा. क्रम उलटा केला, तर वरून वाहून आलेला गाळ दोन-चार पावसाळ्यांत बंधारा भरून टाकतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही उद्‌घाटन होतं ते बंधाऱ्याचं. चरासमोर उभं राहून फोटो काढलेला पुढारी अजून माझ्या पाहण्यात नाही.

चर आखण्याचं काम मात्र बघत राहावं असं. दोन पट्ट्या, त्यांना जोडलेली पारदर्शक नळी, नळीत पाणी. एक जण जागेवर थांबतो, दुसरा उतारावरून आडवा सरकतो. दोन्हीकडची पाण्याची पातळी जुळली की तिथे फक्की टाकायची. असं करत डोंगराच्या अंगावरून पांढरी रेघ जाते, आणि ती कधीच सरळ नसते. चर एका टोकाला चार बोटं जरी उतरला तरी सगळं पाणी तिकडे धावतं आणि चर फोडून निघतं. मग जिथे ओघळ नव्हती तिथे नवी ओघळ पडते. त्यामुळे ओळ चुकली की सहायक फक्की पायानं पुसतो आणि पुन्हा मापायला लावतो. उन्हात कोणी कुरकुरलं तर म्हणतो, “भाऊ, पाणी आपल्यापरीस हुशार हाय. त्याला फसवता येत नाही.”

साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चर घेतला, तर मीटरभर लांबीत 180 लिटर पाणी मावतं. खोदलेली माती उताराच्या बाजूला भरावासाठी टाकायची आणि त्यावर गवताचं बी पेरायचं. मोजमाप पुस्तिकेत नोंद होते ती घनमीटरची: लांबी, रुंदी, खोली, गुणाकार, सही. पाणी किती मुरलं याचा रकाना त्या पुस्तिकेत नाही.

फेरीत एक म्हातारा शेळ्या घेऊन वाटेवर उभा होता. चर खणले, बी टाकलं की गायरानावर चराईबंदी होणार, हे त्याला कळलेलं. त्यानं विचारलं, “साहेब, पाणी खाली हिरीला जाणार. मला हीर न्हाई. माझ्या शेळ्या कुठं जाणार?” सहायकानं त्याला उपजीविकेच्या निधीबद्दल सांगितलं. ते खोटं नव्हतं. 2009च्या कार्यक्रमात शंभरातले 56 रुपये प्रत्यक्ष कामांना आणि 9 रुपये ज्यांच्याकडे जमीनजुमला नाही त्यांच्या उपजीविकेला, अशी विभागणी होती. पण बंदी पहिल्या पावसाळ्यापासून लागू होते, आणि बचत गट नोंदवून, खातं उघडून निधी येईपर्यंत शेळ्या बाजारात गेलेल्या असतात.

या सगळ्या व्यवस्थेतली खरी फट मला इथे दिसते. खणण्यापर्यंत सगळं नेमकं आहे. खणून झाल्यावर मुरलेलं पाणी कोणाचं, यावर कागद गप्प बसतो. विहीर ज्याची, पाणी त्याचं. त्याच्या शेजारी खोल बोअर घेतली जाते आणि माथ्यावर मुरलेलं पाणी एकाच्या उसाला जातं. राज्याच्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना अटकाव आहे. बोअरच्या गाड्यांना तो अडवताना मला कुठे दिसला नाही. राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेवर 9,600 कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळीवर फारसा परिणाम झाला नाही, असं महालेखापरीक्षकांनी 2020 साली नोंदवलं, त्यात मला नवल वाटलं नाही.

वाटपाचं उत्तर सापडलेलं नाही असंही नाही. 1970च्या दशकात पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवरून ठरत नव्हता, तो माणशी होता: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस वर्ज्य. हिवरे बाजारनं चराईबंदी केली, पण शेतीसाठी बोअर घेण्यावरही बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवायला सुरुवात केली. माथ्यावरच्या माणसाला बंधन घालताना पायथ्याच्या माणसालाही घातलं. मार्गदर्शक सूचनांत ‘लोकसहभाग’ पानोपानी येतो. त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी श्रमदान आणि वर्गणी एवढाच उरला आहे.

तुमच्या गावात पाणलोटाचा आराखडा होत असेल, तर ग्रामपंचायतीतून त्याची प्रत मागून घ्या. बंधारे किती, हे मागाहून मोजा. आधी गावात शेळ्या किती आणि त्यांच्या चाऱ्याची सोय कुठे केली आहे ते वाचा, आणि तो रकाना कोरा असेल तर ग्रामसभेत ठरावाला हात वर करू नका.